दुखवट्याच्या ओसरीवर

११ जानेवारी २०१९ रोजी यवतमाळात ९२व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्घाटन झाले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्यावर बराच वाद झाला होता. अखेर उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे यांना मिळाला. त्या आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या पत्नी. साहित्यिकांच्या त्या मंडपात त्यांनी विधवेच्या जगण्याविषयी बोलायला सुरुवात केली, तेव्हा ऐकणाऱ्यांना खाली बघावे लागले. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकातही त्यांनी काम केले होते. त्या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवा स्वतःच रंगमंचावर उभ्या राहतात.

नाटकाचे नाव मला फार नेमके वाटते. तेरवीपर्यंत घर माणसांनी भरलेले असते. शेजारून पिठलं-भाकर येते, सोयरे मुक्कामाला असतात, कोणी ना कोणी ओसरीवर बसलेला असतो. चौदाव्या दिवशी सकाळी चूल पेटवायची ती घरच्या बाईनेच. तिथून पुढे तिच्याकडे कोण जाते, कशासाठी जाते आणि जाऊन काय करते, या प्रश्नाचा ख्रिस्ती बाजूने आढावा घ्यावा असे कितीतरी दिवस मनात होते. शोकग्रस्ताला धीर देणे हे ख्रिस्ती मंडळी आपले हक्काचे काम मानते. त्यासाठी तिच्याकडे शास्त्र आहे, गीते आहेत, शिकलेले पाळक आहेत. तरीही बरेचसे सांत्वन पहिल्या तीन दिवसांत आणि चार ठरलेल्या वाक्यांत संपते. ज्या शास्त्राचा आधार घेऊन आपण ती वाक्ये बोलतो, त्या शास्त्रातले दुःख मात्र शेताचे, कर्जाचे आणि भाकरीचे आहे. यवतमाळात ते विशेष कळते.

या जिल्ह्यातल्या मरणाची एक वेगळी जखम आहे. महागाव तालुक्यातील चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी १९ मार्च १९८६ रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवन संपवले. ती महाराष्ट्रातली जाहीर झालेली पहिली शेतकरी आत्महत्या मानतात आणि आजही त्या तारखेला अनेक जण अन्नत्याग करतात. २००१पासून प्रशासन अशा मृत्यूंची नोंद ठेवू लागले. २००६च्या जूनअखेरीस पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले आणि सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्या सहांत यवतमाळ होतेच. २०१७च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. अशा घरात दुःखाच्या जोडीला प्रश्नही येतात. कर्ज किती होते? बँकेचे की सावकाराचे? घरात भांडण झाले होते का? दारू होती का? आपला माणूस गेला त्याच आठवड्यात बाईला या सगळ्याची उत्तरे द्यावी लागतात. मदतीसाठी प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे त्यावरच ठरते.

२७ लाखांहून जास्त वस्तीच्या या जिल्ह्यात ख्रिस्ती समाज मूठभर आहे, पण त्याची मुळे जुनी आहेत. वऱ्हाडात फ्री मेथडिस्ट मिशनचे काम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासूनचे. पांढरकवडा भागातले उमरीचे मिशन हॉस्पिटल खेड्यापाड्यांतल्या लोकांना ठाऊक आहे. कॅथलिक मंडळी १९५५मध्ये स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात येते. युनियन बिब्लिकल सेमिनरीही १९५३पासून यवतमाळातच होती. देशभरातून, अगदी ईशान्य भारतातूनही, तरुण इथे पाळक व्हायला यायचे. १९८३मध्ये ती पुण्याला गेली. तीस वर्षे या गावात शोकसंदेश कसा द्यावा, दफनविधी कसा चालवावा, घरभेट कशी घ्यावी हे शिकवले गेले. सेमिनरी गेली आणि त्यानंतरच्या दशकांत शेतकऱ्यांच्या मृत्यूंची लाट आली. हा योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो.

आता शास्त्राकडे वळू. सांत्वनाचा विषय निघाला की पहिले नाव ईयोबाचे येते. त्याची मुले, गुरेढोरे, तब्येत, सगळे गेले. अलीफज, बिल्दद आणि सोफर हे तिघे मित्र आले आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहिले. कोणी एक शब्द काढला नाही. त्या सात दिवसांत ते उत्तम सांत्वनकर्ते होते. बिघडले ते तोंड उघडल्यावर. देव अन्याय करत नाही, म्हणजे तुझेच काही चुकले असणार, असा त्यांचा युक्तिवाद. तो धार्मिक आहे, नीट बांधलेला आहे, लांबलचक आहे. ग्रंथाच्या शेवटी देव रागावतो तो मात्र या तिघांवर. देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबावर तसा राग नाही. यवतमाळातला पंचनामा आणि ईयोबाच्या मित्रांचे प्रश्न मी शेजारी ठेवून पाहतो तेव्हा दोन्हींचा सूर एकच वाटतो: मेलेल्याचा दोष शोधा. सरकारी माणसाला नियमापोटी विचारावे लागते. प्रार्थनेला आलेल्या माणसाला कोणती सक्ती असते?

एलीयाची गोष्ट तर आत्महत्येच्या छायेत जगणाऱ्या प्रत्येक घरासाठी आहे. हा मोठा संदेष्टा जिवाला कंटाळून रानात एका झुडपाखाली पडतो आणि मरण मागतो. देवाचा दूत येतो तो उपदेश घेऊन येत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवतो, उठून खा म्हणतो. एलीया खातो आणि पुन्हा झोपतो. दूत दुसऱ्यांदा येतो आणि पुन्हा खायलाच सांगतो. देवाशी बोलणे होते ते चाळीस दिवसांची वाट चालून झाल्यावर. शोकाच्या घरात ही वेळ आणि हा क्रम पाळणारा माणूस क्वचितच दिसतो.

अलीशाकडे आलेल्या विधवेची गोष्ट दोन-चार ओळींत आटोपते. नवरा मेला आहे, कर्ज राहिले आहे आणि सावकार तिची दोन्ही मुले गुलाम म्हणून न्यायला आला आहे. अलीशा तिला विचारतो, घरात काय आहे? थोडे तेल. तर मग शेजारणींकडून रिकामी भांडी मागून आण. चमत्कार तेलाचा आहे हे खरे, पण भांडी अख्ख्या आळीची आहेत. तेल विकून आधी कर्ज फेड आणि उरलेल्यावर मुलांना घेऊन जग, असा सल्ला मिळतो. कर्जाचा इतका रोखठोक विचार करणारी सांत्वनाची कथा मला दुसरी ठाऊक नाही.

आणि रूथ. दुष्काळामुळे गाव सोडलेले कुटुंब, परमुलखात मेलेले तीन पुरुष, मागे राहिलेल्या तीन विधवा. परत आलेली नामी गावातल्या बायांना सांगते की मला आता नामी म्हणू नका, मारा म्हणा, कडू म्हणा. तिला कोणी ‘असं बोलू नये’ म्हणत नाही. तिची सून रूथ दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचायला जाते. ‘सरवा’ हा शब्द मराठी बायबलातून वाचला की विदर्भातल्या माणसाला वेगळे काही समजावून सांगावे लागत नाही. शेताच्या कडा कापू नयेत, पडलेले कणीस परत उचलू नये, ते विधवेसाठी, परक्यासाठी राहू द्यावे हा कायदाच होता. शेवटी बवाज गावाच्या वेशीवर दहा वडीलधाऱ्यांना साक्षी ठेवून मृताच्या जमिनीचा हक्क सोडवतो. म्हणजे ज्याला आज फेरफार आणि वारसनोंद म्हणतात, ते बायबलातल्या सर्वांत हळुवार पुस्तकात अगदी मध्यभागी आहे. सात-बाऱ्यावर नाव चढेपर्यंत नामीचे दुःख हलके होत नाही.

योहानाच्या शुभवर्तमानातला बेथानीचा प्रसंग दफनाच्या वेळी सर्वाधिक वाचला जातो. लाजर मेला, येशू चार दिवस उशिरा आला. दोघी बहिणी त्याला जवळपास सारखेच बोलतात: तू इथे असतास तर हा मेला नसता. मार्था बोलून मोकळी होणारी आहे, तिच्याशी येशू पुनरुत्थानाविषयी बोलतो. मरीया पायाशी पडून रडते आणि तिच्यासोबत तो रडतो. वाक्य एकच, पण दोघींना मिळालेला प्रतिसाद वेगळा. आपण मात्र मरीयेला मार्थेचे उत्तर देऊन घरी येतो. पुनरुत्थानाची आशा हा ख्रिस्ती सांत्वनाचा कणा आहे आणि तो मला जराही सैल करायचा नाही. पौल थेस्सलनीकाकरांना शोक करू नका असे सांगत नाही. आशा नसलेल्यांसारखा शोक करू नका, एवढेच सांगतो. शोक करण्याची मुभा त्या वाक्यातच आहे.

या साऱ्यात सर्वांत अवघड जागा आत्महत्येची. इथे चर्चचा इतिहास सांगितलाच पाहिजे. शौल, यहूदा अशा माणसांचे अंत बायबल सांगते, पण त्यावर दफनाचा नियम घालून देत नाही. ऑगस्टीनने पाचव्या शतकात ‘देवाची नगरी’ या ग्रंथात आत्महत्येविरुद्ध मांडणी केली आणि पुढे कठोरपणा वाढत गेला. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२च्या प्रार्थनापुस्तकात स्वतःचा जीव घेणाऱ्यासाठी हा दफनविधी वापरू नये अशी सूचना होती. कॅथलिक चर्चच्या १९१७च्या विधिसंहितेतही तशीच बंदी होती. १९८३च्या नव्या संहितेने ती काढली आणि १९९२च्या धर्मशिक्षणग्रंथाने तीव्र मानसिक यातना, भीती यांनी माणसाची जबाबदारी कमी होते हे मान्य करून अशा मृतांसाठी प्रार्थना करण्यास सांगितले. भारतीय कायदाही २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने त्याच दिशेने गेला. आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे आता गृहीत धरले जाते. नियम बदलले तरी जुने वाक्य लोकांच्या तोंडून सहजी जात नाही. ‘त्याला आता स्वर्ग नाही’ हे विधवेच्या कानावर पडणारे वाक्य मला क्रूर वाटते आणि चुकीचेही वाटते. कोणाच्या अखेरच्या क्षणी देव त्याच्याशी काय बोलला हे आपल्यापैकी कोणाला माहीत आहे?

मराठी ख्रिस्ती परंपरेत या प्रश्नाची समज देणारी माणसे झाली. फादर थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६च्या ‘ख्रिस्तपुराणा’ने शुभवर्तमान ओवीत आणले आणि वधस्तंभापाशी उभ्या आईचे दुःख आपल्या बोलीत ऐकू येऊ लागले. नारायण वामन टिळकांनी अभंग, भजन, कीर्तन उपासनेत आणले. ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांची कितीतरी पदे आहेत. मयताच्या घरी टाळ-पेटीवर ती सुरू झाली की शेजारचा हिंदू, बौद्ध माणूसही ओसरीवर बसून राहू शकतो. तुकडोजी महाराजांच्या खंजिरी भजनावर वाढलेल्या वऱ्हाडी कानाला ती चाल परकी वाटत नाही. परदेशी चालीवरचे गीत तेवढ्याच भक्तीने गायले तरी शेजाऱ्याला बाहेरच ठेवते. सांत्वनाच्या कामात ही गोष्ट लहान नाही.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ शोकाच्या वेगळ्या तऱ्हेसाठी वाचावीत. १८९५मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंच्या वाट्याला नवरा जिवंत असून आलेला वियोग आला. पुढे त्या स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण त्या काळातले आपले दुःख त्यांनी नंतरच्या श्रद्धेने झाकून टाकले नाही. जसे होते तसे सांगितले.

पंडिता रमाबाईंविषयी मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आई, वडील आणि बहीण गेले. नंतर भाऊ गेला. १८८०मध्ये लग्न झाले आणि १८८२मध्ये पतीही पटकीने गेले, तेव्हा मुलगी वर्षाचीही झाली नव्हती. इतके मरण पाहिलेल्या बाईने १८८९मध्ये मुंबईत शारदा सदन काढले आणि १८९६-९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात जाऊन शेकडो अनाथ मुली आणि विधवा आपल्याकडे आणल्या. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना अन्न मिळाले, अक्षरे मिळाली, विणकाम, छपाई, शेती असे हाताला काम मिळाले. तिथे प्रार्थनाही होती, भरपूर होती. पण ती कामाच्या दिवसात गुंफलेली होती. १९२१मध्ये मुलगी मनोरमाही गेली आणि पुढच्या एप्रिलमध्ये रमाबाई. अखेरच्या काळातही त्या बायबलच्या मराठी भाषांतराच्या कामात होत्या.

पश्चिमेकडे विसाव्या शतकात या विषयाला शास्त्राचे रूप आले. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांचे १९६९चे पुस्तक आणि त्यातल्या पाच पायऱ्या आपल्याकडेही प्रवचनांतून येतात. त्या पायऱ्या मुळात मरणाच्या दारी असलेल्या रुग्णांच्या बोलण्यातून सुचल्या होत्या. मागे राहिलेल्याने त्या क्रमाने चढाव्यात अशी अपेक्षा करणे त्याच्यावर अन्याय आहे. सी. एस. लुइस यांनी पत्नी गेल्यावर लिहिलेली टिपणे १९६१मध्ये टोपणनावाने छापली. श्रद्धेचे समर्थन करण्यात आयुष्य घालवलेला माणूस त्यात देवाच्या बंद दारावर धडका मारतो. ज्यांना वाटते की खरा विश्वासी डळमळत नाही, त्यांनी ते पुस्तक वाचावे.

मला सर्वांत उपयोगी वाटते ती चॅड वारा यांची हकीकत. तरुणपणी, पाळकाचे काम नुकते सुरू केले असताना, त्यांनी आत्महत्या केलेल्या एका किशोरवयीन मुलीचा दफनविधी केला. ते दुःख त्यांना सोडेना. १९५३मध्ये लंडनच्या आपल्या चर्चमध्ये त्यांनी दूरध्वनी ठेवला आणि हताश माणसांना बोलावले. येणाऱ्यांची रीघ लागली. वारा यांची वेळ मिळेपर्यंत बाहेर बसलेले साधे स्वयंसेवक चहा देत, ऐकून घेत. काही दिवसांत दिसले की बरेच जण पाळकाला न भेटताच हलके होऊन परतत आहेत. त्यातून ‘समॅरिटन्स’ ही संस्था उभी राहिली आणि स्वयंसेवकाने समोरच्याला धर्म सांगू नये असा तिचा नियम झाला. आपल्याकडे २०२२पासून सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. प्रत्येक चर्चच्या फलकावर उपासनेच्या वेळेखाली तो क्रमांक असायला हवा.

इथे धर्मांतराचा प्रश्न येतोच. यवतमाळात ज्या घरी दुःख आहे ते बहुधा ख्रिस्ती नसते. तिथे जाणाऱ्याच्या पिशवीत पत्रिका असेल तर घरच्यांना वाटणारा संशय मी चुकीचा म्हणणार नाही. नवरा गमावलेली बाई त्या महिन्यात कशालाही हो म्हणेल. अशा वेळी तिच्याकडून होकार घेणे मला चोरीसारखे वाटते. ‘प्रार्थना करू का?’ असे विचारावे, ‘नको’ म्हटले तर बसून राहावे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे. चांगल्या शोमरोनी माणसाने जखमीचा जात-धर्म विचारला नाही, सराईवाल्याला पैसे दिले आणि परत येईन म्हणाला. त्याने उपदेश केल्याची नोंद लूकने ठेवलेली नाही.

मंडळीने स्वतःच्या घरातही पाहावे. ‘देवाची इच्छा’, ‘देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात’, ‘लेकरांसाठी रडू नकोस’ ही वाक्ये आपण मायेने बोलतो आणि समोरची बाई गप्प होते. ती सावरली असे आपण समजतो. बांगड्या, कुंकू, मंगळसूत्र यांबाबत ख्रिस्ती घरांतही शेजारच्या रूढी टिकून असतात. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने तो इतर गावांपुढे ठेवला. अशा ठरावात पुढे असायला ज्यांच्याकडे रूथ आणि नामी आहेत, त्यांना कोणी अडवले होते?

मग करायचे काय? माझ्या मते यवतमाळात सांत्वनाची सुरुवात तलाठ्याच्या कार्यालयापासून व्हावी. मृत्यूचा दाखला, वारसनोंद, फेरफार, बँकेचे खाते, पीककर्जाचा हिशेब, संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, मुलांच्या शाळेची फी. आत्महत्येच्या पात्र प्रकरणात एक लाखाची मदत मिळते. तिच्यातले ३० हजार रोख आणि ७० हजार ठेवीत, अशी विभागणी झाली. एकट्या बाईला हे कागद तीन-तीन खेटे घालायला लावतात. मंडळीतला एखादा निवृत्त शिक्षक किंवा लिपिक तिच्यासोबत बाकावर बसला, तर तेही प्रभूचेच काम आहे. पहिल्या चर्चमध्ये सात सेवक निवडण्याचे कारणच हे होते की रोजच्या वाटपात विधवांकडे दुर्लक्ष होते अशी कुरकुर आली. प्रेषितांनी ती कुरकुर अध्यात्मात विरघळवून टाकली नाही, माणसे नेमली.

पुरुषांकडे तर कोणाचे लक्षच जात नाही. मुलगा गेलेला म्हातारा बाप ओसरीच्या टोकाला बसतो, आल्या-गेल्याला पाणी सांगतो, त्याच्या जवळ कोणी जात नाही. मुलांनाही ‘बाबा गावाला गेले’ असे सांगितले जाते. ती सगळे ऐकत असतात. त्यांना खरे आणि थोडक्यात सांगणारा एक मोठा माणूस हवा असतो, ज्याला दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न पुन्हा विचारता येईल.

आणि दिनदर्शिका. वर्षश्राद्धाची तारीख लोकांच्या लक्षात राहते. पेरणीचा पहिला पाऊस, पोळा, बँकेच्या नोटिसा येणारा मार्च हे दिवस कोणी वहीत लिहून ठेवत नाही. पोळ्याला बैल सजवायला घरात पुरुष नसतो, तो दिवस वर्षश्राद्धापेक्षा जड जातो. २ नोव्हेंबरला कॅथलिक मंडळी कबरींवर मेणबत्त्या लावते, आपल्या गेलेल्यांची नावे मिस्सात वाचली जातात. यवतमाळच्या शिवारात तेव्हा कापूस फुटलेला असतो आणि वेचणीला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर मजुरी परवडत नाही. संध्याकाळी मेणबत्ती लावायच्या आधी त्या दिवशी सकाळी चार जणी कमरेला ओटी बांधून विधवेच्या शेतात उतरल्या, दोन ओळी त्यांनी वेचल्या, तर ती वेचता वेचता आपणहून त्याच्याविषयी बोलू लागेल.